आमची वाटचाल : पांढरीवरून काळीत

खान्देशात गाव वसायचे पांढरीवर आणि शेती व्हायची काळीत. पांढरी म्हणजे गावठाणाची, पिढ्यानपिढ्या दबून बसलेली माती. काळी म्हणजे कापसाची जमीन. जळगावातल्या आमच्या वास्तुविशारद कार्यालयाची सुरुवातीची कामे जवळजवळ सगळी पांढरीवरची होती. आज बहुतेक कामे काळीतली येतात, कारण शेतांचे एन.ए. (बिगरशेती) प्लॉट पडले आणि वस्ती तिकडे सरकली. आमची वाटचाल म्हणजे या दोन मातींमधला प्रवास.

1972 चा वास्तुविशारद कायदा येण्याआधीचे आमचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढलेले आहेत. पुढे रोटरिंग पेन आणि अमोनिया प्रिंट आले, मग ऑटोकॅड. साधने बदलली, मोजणी मात्र तीच राहिली. धुळ्यात 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी आखलेल्या सरळ गल्ल्यांमध्ये टेप धरणे सोपे जाते. गावठाणात एकही कोन काटकोन नसतो. तिथे चार भिंती मोजून भागत नाही, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावेच लागतात. ते न घेता काढलेला नकाशा कागदावर जुळतो आणि लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर आखणी करायच्या दिवशी शेजाऱ्याच्या भिंतीत घुसतो.

काळ्या मातीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालची मधली माती झाकलेली असल्याने ओल धरून राहते, कडेची वाळते. त्यामुळे कडा खचतात आणि भिंतीला वर रुंद, खाली निमुळती अशी तडा जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून पायरीपायरीने चढणारी तडा दिसली, दारे पावसाळ्यात अडकू लागली, की दोष प्लास्टरचा नसून जमिनीचा असतो. अशा तडेत सिमेंट भरण्याची घाई आम्ही करू देत नाही. तडेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतो, शेजारी तारीख लिहितो आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ देतो. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे, शाबूत राहिली तर दुरुस्ती करायला हरकत नाही.

नव्या कामात प्लॉटवर खड्डा घेतल्याशिवाय पायाचा नकाशा देत नाही. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली 10-10 ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतायचे आणि 24 तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा किती टक्के जास्त जागा घेते तो फुगण्याचा आकडा. तो 50 च्या वर गेला की साध्या फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या उथळ पायाचा विचार सोडून द्यावा.

मुरूम जवळ लागला तर पाया तिथवर नेतो. तापीकाठी काळी खोल असते, तिथे आय.एस. 2911 या भारतीय मानकातले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगीर काँक्रीटचे खांब घेतो. ऋतूप्रमाणे माती हलते तो पट्टा साधारण साडेतीन मीटरचा, म्हणून पाइल त्याच्या खाली उतरवायचा. दांडा 30 सेंटिमीटरचा असेल तर खालचा फुगीर भाग अडीचपट, म्हणजे 75 सेंटिमीटर. बोअरमध्ये पाणी साचले की हा फुगीर भाग ढासळतो, म्हणून खोदल्यावर त्याच दिवशी काँक्रीट झाले पाहिजे. सर्वांत मोठी चूक मात्र वर होते. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या तुळईच्या खाली 80 मिलिमीटर मोकळी जागा हवी. सेंट्रिंगवाला सोपे पडते म्हणून मातीवरच बीम भरतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात माती तो खालून उचलते. तशीच दुसरी चूक, पायातून निघालेली काळी माती प्लिंथमध्ये भरणे; फरशी उचलली जाते ती त्यामुळे. भराव मुरुमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. बाहेरून तीन फुटांचे प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्याभोवतीचा पक्का पट्टा हवा, ढाळ बाहेर.

ऊन हा दुसरा विषय. जळगाव सुमारे 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीला छज्जा लहान असला तरी चालतो. खरा त्रास पश्चिमेचा. तिथे आडवा छज्जा निकामी ठरतो, उभे पडदे किंवा जाळी लागते. त्याहून बरे म्हणजे जिना आणि न्हाणीघर त्या बाजूला टाकणे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरा रंग आम्ही आजही सुचवतो.

परवानग्यांचा भाग थोडक्यात. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तिकडच्या फायली धुळ्याला नेणे थांबले. डिसेंबर 2020 मध्ये बांधकाम परवानगीची एकत्रित नियमावली आल्यावर तीन जिल्ह्यांतले वेगवेगळे तक्ते पाठ ठेवण्याची गरज संपली.

धाब्याची घरेही दुरुस्तीसाठी येतात. सागाचे खांब, तुळया, कड्या, वर फळ्या आणि मातीचा थर, असे हे छत. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकतात. खारी ओली झाली की तिचे कण विरघळल्यासारखे पसरतात आणि बारीक छिद्रे बुजतात, म्हणून पाणी झिरपत नाही. पण जुनी न काढता नवी टाकत गेले की ओझे वाढते. एक इंच माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे 40 किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर पावणेचारशे किलो, तेही कोरडी असताना. आम्ही आधी तुळईची भिंतीत गेलेली टोके पाहतो: हातोडीने ठोकतो, पटाशी टोचतो. आवाज पोकळ आला किंवा पटाशी अर्धा इंच आत गेली तर टेकू लावूनच पुढचे काम. टोके घट्ट असतील तर जुनी खारी लाकडापर्यंत खरवडून काढतो, कड्या तपासतो आणि दोन इंचांचा नवा थर पन्हळाकडे ढाळ देऊन बसवतो.