आपण सोटोला घेतलं, त्यांनी अलोन्सोला घालवलं

डिसेंबरात एकदा सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, हातात फावडं, नाकाला धार लागलेली, आणि समोरचे काका आपलं फावडं बर्फात रोवून त्यावर दोन्ही हात टेकवून माझ्याकडे बघत उभे. गुड मॉर्निंग नाही, थंडी काय पडलीय नाही, थेट म्हणाले, आपण त्याला जाऊ द्यायला नको होतं. मला क्षणभर वाटलं यांच्याकडचं कोणी गेलं की काय. मग डोक्यावरची निळी-केशरी टोपी दिसली आणि उलगडा झाला. पीट अलोन्सो. मेट्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा फर्स्ट बेसमन, सहा फुटांच्या वरचा धिप्पाड गडी, ज्याला सगळे पोलर बेअर म्हणतात. तो बाल्टिमोरला गेला होता, पाच वर्षांचे साडेपंधरा कोटी डॉलर घेऊन.

काका निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला या घरात राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बेसमेंटचा दिवा लावून दिला आणि फी म्हणून नवऱ्याकडून वचन घेतलं की या घरात यांकीजची, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमची, मॅच लागणार नाही. आम्हाला यांकीज कोण तेही धड माहीत नव्हतं, आम्ही कुठलंही वचन द्यायला तयार होतो. अशा रीतीने आम्ही मेट्सचे फॅन झालो. लग्नं तरी काय वेगळी जमतात.

आता मुद्दा असा की काका इंग्रजीत ‘वी’ म्हणतात. वी शुड हॅव पेड हिम. इंग्रजीत ‘वी’ एकच, त्यात समोरचा धरलाय की नाही ते ज्याचं त्याने बघावं. आपल्याकडे तसं चालत नाही ना, ‘आम्ही’ म्हटलं की तू बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की तू आत, आणि मी इंग्रजी ऐकतानाही डोक्यात मराठीच चालू असते. सुरुवातीला मला काकांचं वी सरळ ‘आम्ही’ असंच ऐकू यायचं. आम्ही १९६९ला जिंकलो, आम्ही १९८६ला जिंकलो, त्यानंतर आम्ही काहीच जिंकलो नाही. बिचारे, असं वाटायचं. मग कधीतरी, नेमकं कधी ते नाही सांगता येणार, ते ‘आपण’ झालं, आणि ‘बिचारे’त आम्हीही आलो.

पण मी हळूहळू एक गोष्ट बघितली. हे ‘आपण’ पैशाबरोबर फिरतं. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोची बातमी आली तेव्हा काका चपलांवरच रस्ता ओलांडून आले होते, थंडीत, आणि दारातच म्हणाले, आपण सोटोला घेतलं! पंधरा वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर, आणि यांकीजकडून ओढून आणलेला, म्हणजे दुधात साखर. जणू काकांनी स्वतः खिशात हात घालून उरलेले पन्नास लाख भरले होते. पैसे भरणार होता स्टीव्ह कोहेन, हेज फंडवाला अब्जाधीश, ज्याने २०२०मध्ये साधारण २४० कोटी डॉलरला ही टीम विकत घेतली. फॅन लोक त्याला प्रेमाने अंकल स्टीव्ह म्हणतात. काका हा शब्द माणसं कुठेही लावतात हे मला इथे येऊन कळलं, फक्त आपल्याकडचा काका दिवाळीला शंभराची नोट देतो.

तेव्हा आई इथे आलेली होती. तिने विचारलं, म्हणजे रुपयात किती. मी फोनवर गुणाकार केला, साडेसहा हजार कोटी. आई गप्प. मग म्हणाली, आणि तो करतो काय? आता सोटोचं वैशिष्ट्य आईला समजावणं म्हणजे परीक्षाच, कारण तो जितका मारण्यासाठी प्रसिद्ध आहे तितकाच न मारण्यासाठी. खराब बॉल तो बघतो आणि सोडतो, वर पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, बघून मातीत पाय घासत एक मस्तवाल छोटासा नाच करतो. चार बॉल असे सोडले की फुकटात पहिल्या बेसवर. पुढे २०२५ला त्याने ४३ होमरन, म्हणजे आपले षटकारच, मारले हे खरं, पण १२७ वेळा तो नुसता चालत गेला. आई म्हणाली, सोडायचे पैसे? मी हो म्हटलं. आई म्हणाली, तुझे बाबा आयुष्यभर सोडतच आले, त्यांना कोणी विचारलं नाही.

नवऱ्याने मग आयपीएलची गोष्ट काढली, त्याला वाटलं त्याने सोपं होईल. त्याच्या थोडं आधीच, नोव्हेंबरात, जेद्दाच्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला होता आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर केवढा गदारोळ झाला होता. पण तिथे टीमची पर्सच मुळी १२० कोटी, मालक कितीही गडगंज असला तरी १२० म्हणजे १२०. बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. टीमच्या एकूण पगाराला एक रेघ आहे, २०२५ला ती २४ कोटी १० लाख डॉलरची होती, ती ओलांडली की टॅक्स, आणखी ओलांडली की आणखी टॅक्स, आणि दरवर्षी ओलांडत राहिलात तर सगळ्यात वरच्या पायरीवर एका डॉलरवर एक डॉलर दहा सेंट टॅक्स. म्हणजे खेळाडूपेक्षा टॅक्स महाग. ती सगळ्यात वरची पायरी २०२२ला नव्याने घातली, आणि घातली तीच कोहेनकडे बघून, म्हणून लोक तिला कोहेन टॅक्सच म्हणतात. आणि कोहेनसाहेब त्या पायरीवर जाऊन बसले, पाय सोडून.

सोटोला वर्षाला पाच कोटी दहा लाख डॉलर, म्हणजे सव्वाचारशे कोटी रुपयांच्या वर, म्हणजे आयपीएलच्या साडेतीन अख्ख्या टीम. हे नवऱ्याने सांगितल्यावर आई म्हणाली मी जरा पडते.

माझं म्हणाल तर मी नाशिकची. मेथीच्या जुडीसाठी दहा रुपयांवरून दोनदा मागे वळणारी बाई. इथेही कूपन विसरलं म्हणून दुकानाच्या पार्किंगमधून घरी परत गेलेय, पेट्रोल जाळून. आणि तीच मी रात्री काकांच्या गॅरेजमध्ये बसून, हातात त्यांच्या बायकोने दिलेला कोको, बिनधास्त म्हणते की तीन कोटी जास्त दिले तर काय झालं, देऊन टाकायचे होते. तीन कोटी डॉलर! मला वाटतं फॅन असण्यातली खरी चैन हीच आहे. मॅच बघणं बिघणं ठीक आहे, पण दुसऱ्याचा पैसा इतक्या मोकळ्या हाताने उधळायला आणखी कुठे मिळतो? लग्नाच्या याद्या करतानासुद्धा कोणीतरी खर्चाचं बोलतंच.

इथे या हिवाळी गप्पांना हॉट स्टोव्ह म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीझन संपतो, मार्चअखेरपर्यंत मैदानं रिकामी, मग पूर्वी लोक दुकानातल्या गरम शेगडीभोवती बसून कोणाला घ्यावं कोणाला सोडावं हे बोलत बसायचे, तो शब्द अजून टिकलाय. आपली शेकोटीच. काकांच्या गॅरेजमध्ये शेगडी नाही, एक इलेक्ट्रिक हीटर आहे ज्याची वायर त्यांनी स्वतः बदललीय आणि ज्याच्याजवळ मी बसत नाही. भिंतीवर पाटी, पाने, वायरची वेटोळी, आणि एका खिळ्याला अडकवलेला रेडिओ. बिलांच्या पाकिटांच्या मागच्या बाजूला काका हिशोब करतात. एका बाजूला कोण गेलं, दुसऱ्या बाजूला कोण आलं, खाली बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा, शाळेत शिकवतात तशा. परवाच्या पाकिटावर गेलेल्यांत तीन नावं होती. अलोन्सो, निमो, डियाझ.

निमोला तर मेट्सनी २०११ला उचललं होतं, पोरगेला होता, इथेच मोठा झाला, त्याला टेक्ससला देऊन बदल्यात सेमियन आणला. एडविन डियाझ, ज्याच्या एंट्रीला ट्रम्पेट वाजायचं आणि अख्खं स्टेडियम उभं राहायचं, तो गेला डॉजर्सकडे. हे काकांना सगळ्यात झोंबलं. त्यांचे वडील ब्रुकलिनचे, डॉजर्सही तेव्हा ब्रुकलिनचे, आणि १९५७चा सीझन संपल्यावर डॉजर्स उठून लॉस एंजेलिसला गेले. मेट्स १९६२ला जन्मले ते त्या पोकळीत, निळा रंग डॉजर्सचा घेतला आणि केशरी जायंट्सचा, कारण न्यूयॉर्कची ती टीमही त्याच वेळी कॅलिफोर्नियाला गेली होती. पहिल्याच वर्षी १२० मॅच हरले. काकांच्या वडिलांनी डॉजर्सचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, आणि आता डॉजर्स २०२४ला जिंकले, २०२५लाही जिंकले, आणि वर आपला ट्रम्पेटवालाही नेला.

डॉजर्सही पैसे पाण्यासारखे घालतात, पण युक्तीने. त्यांच्या ओहतानी या खेळाडूचे ७० कोटी डॉलर, दहा वर्षांचे, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे, २०३४पासून पुढे, आणि बिनव्याजी. काका म्हणतात ही चीटिंग आहे. मी म्हणते ही उधारी आहे, आणि उधारीच्या बाबतीत आपण बोलू नये, कारण आपला बोनिया.

बॉबी बोनिया ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, बाबांना फोनवर सांगितली होती तर त्यांनी स्पीकर लावून आत्यालाही ऐकवली. २०००साली मेट्सना हा खेळाडू नको होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. त्याला म्हणाले, आत्ता नको, २०११पासून पंचवीस वर्षं देतो, आठ टक्क्यांनी. तेव्हाच्या मालकांचा पैसा मॅडॉफकडे गुंतवलेला, तिथे आठाच्या वर मिळतात अशी समजूत, म्हणजे आपलाच फायदा. मॅडॉफचा पुढे प्रचंड गुंतवणूक घोटाळा निघाला ते जगाला माहीत आहे. बोनियाला मात्र दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि वर वीस सेंट मिळतात, २०३५पर्यंत. हा माणूस शेवटची मॅच २००१ला खेळलाय! बाबांचं सगळं आयुष्य एफडीच्या टक्क्यात गेलं, पाव टक्का जास्त म्हणून गावातल्या दुसऱ्या बँकेत सायकलने जाणारे. ते म्हणाले, हा मुलगा कोणाचा सल्ला घेत होता? माझ्याकडे असता तर मीही हेच सांगितलं असतं.

तर सांगत होते ते ‘आपण’बद्दल. २०२३ला मेट्सनी तोपर्यंत कोणी केला नव्हता एवढा खर्च केला, शेर्झर आणि वर्लँडर हे दोन चाळिशीला टेकलेले पिचर, प्रत्येकी वर्षाला चार कोटी तेहेतीस लाख, आणि निकाल ७५ विजय, ८७ पराभव. दोघांनाही अर्ध्या सीझनमध्ये दुसरीकडे धाडलं. त्या वर्षी पाकिटावर काकांच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं होतं, इंग्रजीतलं ‘दे’. म्हणजे त्यांनी. त्यांनी म्हातारे आणले, त्यांनी पैसे वाया घालवले. एप्रिलपर्यंत ‘वी’ होते, ऑगस्टमध्ये ‘दे’.

आणि २०२५ म्हणजे तर कहरच. जूनच्या मध्याला ४५ विजय, २४ पराभव, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात पुढे, काकांनी ऑक्टोबरमधली दातांच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली. तिथून जी घसरण लागली ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, मायामीमध्ये, सगळ्यात कमी पगार देणाऱ्या टीमपैकी एकीसमोर, आणि जिंकलो असतो तर प्लेऑफमध्ये, कारण तिकडे त्याच जागेसाठी झगडणारी सिनसिनाटी हरत होती. पाचव्या इनिंगला तिन्ही बेसवर आपली माणसं, म्हणजे धावांची मोठी संधी. अलोन्सो आला. त्याने बॉल जो काही हाणला ना, गॅरेजमध्ये आम्ही तिघेही उभे राहिलो, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तरी, आणि तो बॉल तसाच सरळ जाऊन फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये. चार शून्य हरलो. काकांनी रेडिओ बंद केला, टीव्ही चालूच, आणि बराच वेळ हातातला पाना पुसत बसले. तो स्वच्छच होता.

त्या फटक्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर वाटलं नसतं. अलोन्सोला मेट्सनी २०१६ला निवडलं, पहिल्याच वर्षी ५३ होमरन, मग टीमचा सगळ्यात जास्त होमरनचा विक्रम, सगळं इथेच. माझं हिशोबी डोकं सांगतं की मॅनेजमेंटचं बरोबर आहे, फर्स्ट बेसवाल्याला पस्तिशीत एवढे पैसे देणं म्हणजे जुन्या फ्रिजची वॉरंटी वाढवणं. पण मेथी कितीला घेतली ते मला आठवत नाही आणि भाजीवाल्या मावशी आठवतात, त्याला काय करणार.

त्या सकाळी बर्फ काढून आत आले आणि नाशिकला फोन लावला. आईने नेहमीचं जेवलीस का, पोरगं कसंय विचारलं आणि मग म्हणाली, काय गं, आवाज का असा? मी म्हटलं काही नाही, ते अस्वल गेलं आमचं. अस्वल तिला माहीत होतं, गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिला ट्रेनने न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगला मेट्सच्या स्टेडियममध्ये घेऊन गेलो होतो, तेव्हा तिने घरून आणलेली चकली त्याच्या होमरनला शेजारच्या अनोळखी माणसाला वाटली होती.

‘गेलं म्हणजे? कुठे?’

‘बाल्टिमोरला. जास्त पैसे मिळाले.’

‘मग आपण का नाही दिले?’

मी म्हटलं, अगं त्याचं वय झालं, परवाच ३१ पूर्ण झाली.

पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं फोन कट झाला. मग आई म्हणाली, ‘३१ म्हणजे म्हातारा? थांब, बाबांना देते.’