सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट: अंतर, तास आणि तारखांचा हिशेब

सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं सरळ हवाई अंतर सुमारे 15,350 किमी. ताशी 900 किमीने भागलं तर 17 तास येतात, पण तिकिटावर 18 ते 19 तास दिसतात. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची रांगही तीत धरलेली असते. उरलेला फरक वाऱ्याचा आणि त्यासाठी घेतलेल्या वळशाचा.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाला जवळपास चिकटून जातो. विमान मात्र बहुधा तसं जात नाही. सिंगापूरहून निघालेलं पॅसिफिकवरून जातं आणि परतीचं अटलांटिक ओलांडून युरोपच्या बाजूने येतं. म्हणजे जातानाही पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच! उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे हजारभर किलोमीटरचा वळसा पडूनही वेळ वाचतो. वारा रोज बदलतो, म्हणून कधी अर्धा तास लवकर, कधी उशिरा. पुढचं तिकीट अगदी काठावर काढू नये.

खरा गोंधळ तारखांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क सिंगापूरच्या 12 तास मागे असतं, एरवी 13. उन्हाळ्यात काट्याचं घड्याळ हलवायचीही गरज नाही, फक्त सकाळची संध्याकाळ समजायची. समजा, 10 जूनला रात्री 12:05ला निघालात आणि 18 तास 45 मिनिटं लागली, तर 10 जूनलाच सकाळी 6:50ला उतराल. परतीला 20 जूनच्या रात्री 10ला निघालात तर सिंगापूरला 22 जूनची पहाट, 4:45. हॉटेल आणि गाडी 21ची ठरवून बसणारे इथेच फसतात. रोजची औषधं तारखेवर न घेता मागच्या गोळीपासून किती तास झाले ते मोजून घ्यावीत. वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

या मार्गावरच्या ए350-900 यूएलआर (अतिलांब पल्ल्याच्या) विमानात 161च आसनं: 67 बिझनेस, 94 प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. ती हवी असेल तर फ्रँकफर्टला थांबणारं विमान बघा. अंतर हजारभर किमीनेच वाढतं, पण थांबा धरून एकूण वेळ 24 तासांच्या आसपास जातो. पाय मोकळे होतात, हा फायदा आमच्या मते कमी नाही.

‘न्यूयॉर्क’ शोधल्यावर जेएफके आणि नेवार्क दोन्ही येतात. नेवार्क न्यूजर्सीत आहे. दोघांमधला रस्ता गर्दीत दोन तासही खातो. पुढचं विमान कुठून आहे ते आधी पाहा. अमेरिकेतून नुसतं पुढे जायचं असलं तरी व्हिसा किंवा ईएसटीए (व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठीची ऑनलाइन पूर्वपरवानगी) लागतो, आणि पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून बॅगा घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात. यासाठी चार तास धरावेत.

चांगीच्या टर्मिनल 3मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. इमिग्रेशननंतर विकत घेतलेलं पाणीही तिथे काढून घेतलं जातं. रिकामी बाटली न्यावी. परतीला एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, पोहोचण्याआधी, त्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरावं. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे.