कारखाने, खाणी, देवळं आणि पिवळ्या पाट्या : स्टेशनांच्या यादीचा अपडेट

मंडळी, अपडेट टाकायचा बरेच दिवस राहून गेला, कारण मधे यादीची अख्खी रचनाच बदलायला घेतली आणि ते काम वाटलं त्यापेक्षा खूपच चिवट निघालं. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, ज्या रेल्वे स्टेशनांना एखाद्या कारखान्याचं, मिलचं, खाणीचं, देवळाचं नाहीतर धरणाचं नाव मिळालंय त्यांची यादी करतोय मी. प्रत्येकाच्या पाटीचा फोटो, स्टेशन कोड, आधीचं नाव असेल तर ते, आणि ज्याच्यावरून नाव पडलं ती गोष्ट अजून जागेवर आहे का. पाटी म्हणजे प्लॅटफॉर्मच्या टोकाची मोठी पिवळी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. छताला टांगलेले छोटे बोर्ड मी धरत नाही, ह्यावरून कुणाला भांडायचं असेल तर खुशाल भांडा.

आधी दोनच शीट होत्या, उद्योग आणि खुणा. आता 'आधी कोण' असा कॉलम टाकलाय, म्हणजे गाव आधी, स्टेशन आधी की कारखाना आधी. आणि खरं सांगू का, हा एक कॉलम भरायला लागल्यापासून यादी एकदम बोलायला लागली. कारखाना कितीही मोठा असू दे, त्या जागेवर आधीच एखादं नाव घट्ट बसलेलं असेल तर स्टेशनच्या पाटीवर त्याचा नंबर लागणं अवघड. जिथे नुसतं माळरान होतं, किंवा लांबच्या कुठल्यातरी गावाचं नाव उसनं घेतलेलं होतं, तिथे मात्र कंपनी सरळ पाटीवर जाऊन बसते. आणि एकदा बसली की कंपनी बुडाली तरी पाटी हलत नाही!

ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच पुणे-मिरज लाईनवर आहे. किर्लोस्करवाडी. ह्या स्टेशनचं आधीचं नाव कुंडल रोड. आता ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतं तिथे गाव बहुतेक वेळा लांब असतं हे आपल्याला माहितीच आहे, त्यामुळे नावाचा हक्कदार असा जागेवर कुणी नव्हताच. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना संस्थानातली जागा दिली, ती स्टेशनजवळची निवडुंगानं भरलेली, आणि १९१० ला तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहायला लागली. पुढे कुंडल रोड गेलं आणि किर्लोस्करवाडी आलं. मी कोयना एक्सप्रेसने गेलो, खास पाटीसाठी. उतरल्यावर गाडी सुटेपर्यंत थांबायचं आणि मग टोकाला चालत जायचं, तोपर्यंत गर्दी पांगलेली असते. पाटीच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या असतात पण दुपारनंतर ऊन एकाच बाजूवर येतं, दुसरी बाजू फोटोत काळपट येते, म्हणून आधी दोन्हीकडून बघून घ्या आणि मग कॅमेरा काढा. काँक्रीटचे दोन खांब, मधे पिवळा चौकोन, काळी अक्षरं. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच पाट्यांवर नाव वरखाली दोनदा दिसतं, आणि एवढं लांब नाव पेंटरला बसवायचं म्हणजे काय कसरत होत असेल ते अक्षरांमधलं अंतर बघून कळतं.

आता ह्याच लाईनवरचं दुसरं टोक बघा. कराड स्टेशन कराडात नाहीये, ते आहे ओगलेवाडीत, गावापासून चांगलं लांब. ओगल्यांचा काच कारखाना, प्रभाकर कंदील, हे सगळं इथलं. कारखान्यावरून पडलेली वाडी, लाईन तीच, वसाहतीचं नाव सुद्धा त्याच धर्तीचं, पण पाटीवर कराड. कारण उघड आहे, कराड हे मोठं नाव होतं, नुसत्या कंदिलानं ते हटणार नव्हतं. माझ्या यादीत ओगलेवाडीला म्हणूनच 'हुकलेले' अशी वेगळी शीट उघडलीये आणि ती शीट मला आता मूळ यादीपेक्षा जास्त आवडायला लागलीये. विक्रोळी त्यातच, एवढं गोदरेज आजूबाजूला पसरलेलं पण स्टेशन विक्रोळीच राहिलं. कोलकात्याजवळचं बाटानगर पण तिथेच, बुटांच्या कारखान्यावरून अख्खी वस्ती ओळखली जाते आणि लोकल पकडायची तर जायचं नुंगी स्टेशनला.

अंबरनाथचं तर फारच मजेशीर आहे. विमको, म्हणजे काडेपेट्यांची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, तिचा कारखाना अंबरनाथलाही होता आणि चेन्नईच्या उत्तरेलाही होता. चेन्नईकडे तिरुवोट्टियुरच्या पुढे चक्क 'विमको नगर' स्टेशन आहे, सबर्बन लाईनवर, आणि २०२१ मधे मेट्रो तिथपर्यंत गेली तर मेट्रोनेही तेच नाव उचललं. आणि अंबरनाथला विमकोच्या वाट्याला काय आलं तर विमको नाका! कारण तिथे समोर १०६० सालचं शिवमंदिर. एवढ्या जुन्या देवळाशी काडेपेटी कुठे टक्कर देणार. म्हणजे एकच कंपनी माझ्या 'उद्योग' शीटमधे पण आहे आणि 'हुकलेले' मधे पण, आणि अंबरनाथ स्वतः 'खुणा' मधे. अशी नोंद आली की दिवस सत्कारणी लागतो.

टाटानगर सगळ्यांना माहिती आहे त्यामुळे फार लिहीत नाही, आधीचं नाव कालीमाटी, १९१९ ला व्हाइसरॉय चेम्सफर्डच्या वेळी साकचीचं जमशेदपूर झालं आणि स्टेशनचं टाटानगर. ह्यात एक गोष्ट मला आवडते की गावाला माणसाचं पहिलं नाव मिळालं आणि स्टेशनला आडनाव. ग्वाल्हेरचं बिर्लानगर आणि गाझियाबादच्या पुढचं मोदीनगर ही त्याच पठडीतली. वलसाडच्या अलीकडचं अतुल तर तुम्ही सगळ्यांनी गाडीतून पाहिलंच असेल, कस्तुरभाई लालभाईंनी १९४७ ला काढलेली कंपनी, बऱ्याच लोकांना ते कुणा अतुलचं गाव वाटतं.

मग येतात जोडनावं, हा नवीन टॅग. बल्लारशाहवरून खाली काझीपेटकडे निघालं की सिरपूर कागजनगर लागतं, म्हणजे जुनं सिरपूर आणि पेपर मिलमुळे झालेलं कागजनगर, दोघांना एकाच पाटीवर बसवलंय. दिल्ली मेट्रोच्या फरिदाबादच्या फाट्यावर 'एस्कॉर्ट्स मुजेसर' आहे, ट्रॅक्टरची कंपनी आणि मुजेसर गाव. म्हणजे कंपनी आणि गाव दोघंही तोडीस तोड असले की अशी तडजोड होते, असा माझा अंदाज आहे, अजून उदाहरणं मिळाली तर पक्कं सांगता येईल.

आता ज्या भागासाठी मी ही यादी खरं तर सुरू केली तो. कारखाना बंद, नाव चालू. हावडा-बर्धमान मेन लाईनवर उत्तरपाडा आणि कोन्नगरच्या मधे 'हिंद मोटर' स्टेशन आहे. हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना तिथलाच, अॅम्बेसेडर तिथेच बनायची. मे २०१४ ला उत्पादन थांबलं. लोकल अजूनही थांबते, लोक अजूनही 'हिंद मोटर' म्हणूनच तिकीट काढतात, त्यातल्या कॉलेजच्या पोरांनी अॅम्बेसेडर कधी आतून पाहिलीये का कुणास ठाऊक.

त्याच्याही पलीकडचं म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्सची लाईन. बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणारा छोटासा फाटा, त्यावर कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी स्टेशनं ओळीने येतात. चॅम्पियन हे नाव ऐकून पहिल्यांदा मला वाटलं इथे काहीतरी स्पर्धाबिर्धा होत असतील, पण ते चॅम्पियन रीफ खाणीचं नाव! सोन्याची खाण, जगातल्या खूप खोल खाणींपैकी एक. २००१ ला खाणी बंद झाल्या. ज्या गाड्या खाणीसाठी होत्या त्याच लाईनवरून आता लोक सकाळी उठून बंगळुरूला नोकरीला जातात, म्हणजे आधी कामासाठी माणसं इकडे यायची आणि आता कामासाठी इथून बाहेर जातात, मधल्या पाट्या तशाच.

आपल्या जवळचं ह्या प्रकारातलं म्हणजे पनवेल-रोहा लाईनवरचं रसायनी, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचे तिथले बरेचसे प्लांट बंद झाले, ते पनवेलकडच्या लोकांना मी सांगायला नको.

खुणांच्या शीटमधे मुंबईने इतकी जागा खाल्लीये की तिला वेगळी करावी का असा विचार चाललाय. चर्चगेट घ्या. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा, तो दरवाजा तटबंदीबरोबर १८६० च्या दशकातच पाडला आणि स्टेशन झालं १८७० ला. म्हणजे स्टेशनला नाव मिळालं तेव्हा ज्याच्यावरून नाव मिळालं ती वस्तूच नव्हती! हे माझ्या 'अजून जागेवर आहे का' कॉलमला पार वेडं करणारं प्रकरण आहे, तिथे मी सध्या 'कधीच नव्हती' असं लिहून ठेवलंय. मरीन लाईन्स हे नाव ज्या सैनिकी बराकींवरून पडलं त्या बराकी गेल्या. कॉटन ग्रीन अजून एक, कापसाचा बाजार आधी कुलाब्याला भरायचा, तिथून तो शिवडीकडे हलला आणि नाव कापसाबरोबर इकडे आलं, कुलाब्याचं टर्मिनस पण १९३० संपताना बंद झालं. आता हार्बरच्या प्रवाशाला त्या नावात ना कापूस दिसतो ना हिरवळ.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे राम मंदिर, जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं, २२ डिसेंबर २०१६ ला सुरू झालेलं. आधी सगळीकडे ओशिवरा ओशिवरा चाललं होतं, शेवटी जवळच्या देवळाने बाजी मारली.

माथेरानची छोटी गाडी मात्र सगळ्यात लाडकी. एका स्टेशनचं नाव 'वॉटर पाईप'. बस. पाण्याचा पाईप. दुसऱ्याचं 'अमन लॉज'. इंग्रजांच्या काळात १९०७ ला सुरू झालेली लाईन, गव्हर्नर-बिव्हर्नर कुणाचंही नाव देता आलं असतं, पण इथे जे डोळ्यासमोर दिसलं तेच पाटीवर आलं, आणि मला विचाराल तर स्टेशनला नाव असंच द्यावं. ड्रायव्हरला, गार्डला, हमालाला, सगळ्यांना एका शब्दात कळतं कुठे उतरायचं.

मेट्रो यादीत घ्यायची की नाही ह्यावर मागे बरीच चर्चा झाली होती, शेवटी घेतलीये पण एका अटीवर, नाव लोकांच्या तोंडात आधीपासून असलं पाहिजे. पुण्याचं वनाज ह्यात डोळे मिटून पास. गॅसचे रेग्युलेटर बनवणारी कंपनी, तिच्यावरून पौड रोडवरचा तो सगळा भाग वनाज झाला, रिक्षावाले वनाज म्हणायचे, आणि ६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिलं स्टेशन तेच. त्याच लाईनवरचं नळ स्टॉपही पास. गुडगावच्या रॅपिड मेट्रोने मात्र स्टेशनांच्या नावाचे हक्क विकले होते, व्होडाफोन बेल्वेडियर टॉवर्स, इंडसइंड बँक सायबर सिटी असली नावं, ती नापास. करार संपला की नाव गेलं, त्याला काय स्टेशनचं नाव म्हणायचं? ती 'भाड्याची' म्हणून बाजूला टाकलीयेत, कुणाला हवी असतील तर शीट पाठवतो.

रेल्वेचे स्वतःचे कारखाने असलेली स्टेशनं, म्हणजे पेरांबूर कॅरेज वर्क्स, पेरांबूर लोको वर्क्स आणि आधीचं मिहिजाम असलेलं चित्तरंजन, ह्यांना 'घरचे' असा टॅग दिलाय. धरणांमधे नांगल डॅम आणि मेट्टूर डॅम आहेत, पॉवर हाऊसमधे भिलाई पॉवर हाऊस.

फोटोंचं म्हणाल तर कोरोमंडल आणि उरगामच्या पाट्या नाहीयेत माझ्याकडे, बंगारपेटकडे कुणी जाणार असेल तर उंचीची ओळ कापली जाणार नाही असा काढून पाठवा. आणि 'हुकलेले' साठी नावं सुचवा, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात अशी भरपूर सापडतील अशी मला दाट शंका आहे. पुढच्या वेळी दौंड-मनमाड लाईन घेतोय.