न निवडलेलं वचन

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुठलीही बैठक सुरू होताना, मग विषय शब्बाथ शाळेचा असो की गळक्या छपराचा, कुणीतरी एक छोटं निळं पुस्तक उघडतं आणि त्या तारखेखालची बायबलमधली दोन वचनं वाचतं. एक जुन्या करारातलं, एक नव्या करारातलं. त्याखाली एखाद्या गीताचं कडवं किंवा चार ओळींची प्रार्थना. दोन मिनिटांत वाचून होतं आणि कामाला सुरुवात होते. या पुस्तकाला इथे ‘लोझुंगन’ म्हणतात. न्याहारीच्या टेबलावर, दवाखान्यातल्या उशाशी, पाळकांच्या पिशवीत, कुठेही ते दिसतं.

‘तिकडची चर्चं ओस पडली म्हणतात, खरं का?’ असं घरून मला नेहमी विचारलं जातं. रविवारी बाकं बरीच रिकामी असतात, हे खरं आहे. सॅक्सनी हा मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा प्रदेश, पण आज इथले बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सदस्य नाहीत. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीत चर्चला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची उच्च शिक्षणाची वाट अडवली जायची. त्या काळात टिकून राहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की जाणवतं, यांचा विश्वास रविवारच्या गर्दीवर कधी उभाच नव्हता. तो रोजच्या सकाळी त्या दोन वचनांवर उभा होता.

या वचनांचा उगम इथून फार लांब नाही. झेक सीमेजवळ हेर्नहूट नावाचं लहानसं गाव आहे. मोरेव्हियात (आजच्या झेक प्रजासत्ताकात) छळ सोसून पळालेली काही प्रॉटेस्टंट कुटुंबं 1722 मध्ये काउंट झिन्झेनडॉर्फ या सरदारांच्या जमिनीवर आली आणि त्यांनी ते वसवलं. पहिली पाच वर्षं तिथे भांडणंच फार. वेगवेगळ्या पंथांतून आलेले लोक, प्रत्येकाचा आग्रह वेगळा. शेवटी 13 ऑगस्ट 1727 रोजी शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी त्यांचा समेट झाला. त्याच महिन्यात त्यांनी तासातासाच्या पाळ्या लावून अखंड प्रार्थना सुरू केली. पुढच्या वर्षी, 3 मे 1728 च्या संध्याकाळी, गीतसभेत झिन्झेनडॉर्फनी दुसऱ्या दिवसासाठी म्हणून सगळ्यांना एक ओळ दिली. तेव्हापासून रोज सकाळी कुणीतरी दिवसाचं वचन घेऊन दारोदार जाऊ लागलं. दार उघडायचं, वचन ऐकायचं, घरातलं सुखदुःख सांगायचं. वचन पोहोचवणं आणि विचारपूस करणं हे एकच काम होतं, आणि मला त्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. 1731 पासून ही वचनं वर्षभरासाठी छापली जाऊ लागली आणि त्यात एकदाही खंड पडला नाही. 2026 ची आवृत्ती 296वी आहे.

जुन्या करारातलं वचन आजही चिठ्ठी काढूनच ठरतं. सुमारे 1,800 निवडक वचनांना क्रमांक दिलेले आहेत. हेर्नहूटमध्ये एका भांड्यातून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक चिठ्ठी काढली जाते, तीही तीन वर्षं आधी, कारण भाषांतरांना आणि छपाईला तेवढा वेळ लागतो. नव्या करारातलं वचन मात्र चिठ्ठीने येत नाही. पहिल्या वचनाशी त्याचं नातं जुळावं म्हणून कुणीतरी ते विचारपूर्वक शोधतं. (वर्षभरासाठी एक वचन असतं ते वेगळं. ते दुसरी संस्था ठरवते, आणि चर्चच्या फलकावर दिसतं ते बहुधा तेच.)

मी स्वतः वचन निवडायला बसले तर आवडीचीच निवडीन. थकले असेन तर स्तोत्र 23, घाबरले असेन तर यशया 41. ठरलेलीच पानं उघडत राहिलं की माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहतो, त्याची आध्यात्मिक वाढ होत नाही. इथे हबक्कूक समोर येतो, गणनेचं पुस्तक येतं, रागावलेला आमोस येतो. आणि तेच वचन त्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनीही वाचलेलं असतं, म्हणून जिन्यात भेट झाली की त्या विचारतात, ‘आजचं कसं वाटलं?’ हवापाण्याच्या गप्पांपेक्षा मला हा प्रश्न फार आवडतो.

या आजींकडे लोझुंगनची लिहायला कोरी पानं असलेली आवृत्ती असते. त्यांचे यजमान गेले त्या सकाळचं वचन आनंदाने गाण्याविषयी होतं. ‘मला ते त्या दिवशी नको होतं,’ त्या म्हणाल्या. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि समोरच्या कोऱ्या पानावर फक्त यजमानांचं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी ती तारीख आली तेव्हा त्यांनी जुनं पान काढून तेच वचन पुन्हा वाचलं, आणि मग त्याखाली बरंच लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांचं उदाहरण इथे बरेचदा दिलं जातं. जून 1939 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते. परत जावं की नाही या घालमेलीत ते रोज लोझुंगन वाचत होते आणि डायरीत टिपणं करत होते. 26 जूनला त्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली, हिवाळ्यापूर्वी ये अशी पौलाची विनंती वाचली. ती आपल्यालाच केली आहे असं त्यांना वाटलं. जुलैमध्ये ते जर्मनीला परतले, आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत नाझींनी त्यांना फाशी दिली. हे ऐकून कुणी वचनाकडे भविष्य म्हणून पाहू लागेल, म्हणून आमचे पाळक लगेच सावध करतात. बोनहोफर आधीपासूनच त्या प्रश्नाशी झगडत होते. वचनाने त्यांचा निर्णय घेतला नाही, त्यांना पळवाट मात्र ठेवली नाही. हेर्नहूटचे लोक एके काळी लग्नंसुद्धा चिठ्ठी टाकून ठरवायचे. ती प्रथा 19व्या शतकात बंद पडली, ते बरंच झालं.

हेर्नहूट पाहायला जाणार असाल तर जरूर जा. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीच्या बैठकीत युनेस्कोने या गावाचा जागतिक वारशात समावेश केला. लेहमध्ये मोरेव्हियन चर्च आहे, तेही याच परंपरेतलं. हेर्नहूटचं सभागृह पांढरंशुभ्र, बाकंही पांढरी. टेकडीच्या उतारावरच्या दफनभूमीत सामान्य माणसांचे दगड सारखेच, जमिनीलगत आडवे. सुतार आणि सरदार घराण्यातली बाई, दोघांना सारखीच जागा.

तिथल्या अभिलेखागारात जपलेली जीवनवृत्तं मात्र मला सगळ्यात जास्त भावली. या मंडळीतली माणसं हयातीतच आपल्या विश्वासाची वाटचाल स्वतः लिहून ठेवतात आणि ती त्यांच्या अंत्यविधीला वाचली जाते. शिंपी, दाई, मिशनरी, मोलकरीण अशा हजारो माणसांनी लिहिलेली वृत्तं तिथे आहेत. काही पुरती दोन पानांचीही नाहीत.

आमच्या घरसभेने या हिवाळ्यात हाच उपक्रम घेतला आहे. दर भेटीला एकजण आपलं वृत्त वाचतो. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी लिहिलं होतं की मुलगा वारल्यानंतर काही वर्षं त्यांना प्रार्थनाच करता येत नव्हती. त्या काळात बायको रोज सकाळी दोन्ही वचनं वाचायची आणि ते समोर कॉफी घेऊन नुसते बसायचे. ती वर्षं त्यांनी वगळली नाहीत, उलट त्यांनाच सगळ्यात जास्त जागा दिली. वाचून झाल्यावर कुणी उपदेश केला नाही. त्यांच्या पत्नीने त्या दिवसाचं वचन वाचलं आणि सगळ्यांनी मिळून ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना म्हटली.

पुढची पाळी माझी आहे. मी मराठीतच लिहायला घेतलं आहे, जर्मन नंतर करीन.