तीन माणसं, एक माशी आणि गाडीची वाट

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) परवा परत लावला आणि परत तेच झालं, सुरुवातीचा स्टेशनवरचा सीन संपला की मी पिक्चर थांबवून मागे घेतो आणि तो सीन पुन्हा बघतो. घरातले म्हणतात की तुझा हा पिक्चर कधी पुढे जातच नाही. बरोबरच आहे, मला पुढे जायची घाईच नसते.

त्या सीनमध्ये घडतं काय तर काहीच नाही. लाकडी फळ्यांचं ओसाड स्टेशन, तिथे तीन बंदूकवाले येतात, म्हाताऱ्या तिकीटवाल्याला कोंडून टाकतात आणि गाडीची वाट बघत बसतात. बस्स. म्युझिक नाही. पवनचक्की कुरकुरतेय, कुणीतरी जाऊन तेल घाला रे असं वाटावं इतकी. एकजण, वुडी स्ट्रोड, जिथे उभा आहे तिथे वरून टाकीचं पाणी ठिबकतंय, आधी टकलावर, मग तो हॅट घालतो आणि थेंब हॅटवर पडायला लागतात, टप, टप, पण हा बाजूला सरकत नाही. दुसरा बोटं मोडत बसलाय, एकेक करून, आणि ते कडाकड आपल्याला नीट ऐकू येतं. तिसरा जॅक एलम, त्याचे डोळे दोन दिशांना, त्याच्या दाढीवर माशी बसते. तार यंत्राची कटकट सहन होईना म्हणून त्याने मघाशीच वायर उपटून टाकलीय, पण माशीचं काय करणार, तो तोंड वाकडं करतो, फुंकर मारतो, हात काही उचलत नाही. शेवटी माशी भिंतीवर बसते तेव्हा तो पिस्तुलाच्या नळीत तिला पकडतो, बोटाने नळीचं तोंड बंद करतो आणि नळी कानाला लावून तिची गुणगुण ऐकत बसतो. चेहऱ्यावर काय समाधान! मग गाडीची शिट्टी. तो माशीला सोडून देतो, स्ट्रोड हॅट काढून त्यात साठलेलं पाणी निवांत पिऊन टाकतो आणि तिघं तयार.

गाडी येते. कुणीच उतरत नाही. हे जायला वळतात तेवढ्यात गाडीच्या पलीकडून हार्मोनिका ऐकू येते, गाडी सुटते आणि रुळांच्या पलीकडे आपला हिरो, चार्ल्स ब्रॉन्सन, उभा. घोडे किती आणलेत यावरून दोन-तीन वाक्यं होतात, गोळ्या सुटतात, दोन सेकंदांत खेळ खलास.

एवढा वेळ वाट बघायला लावून दोन सेकंद मारामारी! आमच्या मामाला याचाच राग. मामा सदाशिव पेठेतला, कॉलेजात असताना कॅम्पात जाऊन इंग्लिश पिक्चर बघणारा, जॉन वेनवाला, म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या काउबॉय हिरोवाला माणूस. त्याला मी हा सीन दाखवला तर माशी येईपर्यंत त्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "अरे, ही गाडी काय दौंडवरून येतेय का?" मी म्हटलं मामा, तू दर डिसेंबरला सवाईला जाऊन बसतोस, तिथे विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन मिनिट-मिनिटभर चालतं तेव्हा नाही घड्याळ बघत ते, तिथे तर डोळे मिटून मान हलवतोस. तर म्हणे, "ते वेगळं, तिथे समेवर यायचं असतं." मी म्हटलं मग हे काय आहे! गोळी म्हणजेच सम. लिओनेला गोळीत इंटरेस्टच नाही, त्याला तिच्यापर्यंत कसं पोचायचं यात इंटरेस्ट आहे. मामा गप्प बसला, म्हणजे पटलं असं नाही, पण चहा येईपर्यंत बघत राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या इटालियन वेस्टर्नची, म्हणजे इटलीवाल्यांनी काढलेल्या काउबॉय पिक्चरची, जादू मारामारीत नाही, ती वाट बघण्यात आहे. हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्नमध्ये दोघं रस्त्यात समोरासमोर आले की झालं, पुढचं पटकन. लिओनेने तो मधला क्षण घेतला आणि ताण ताण ताणला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये (1966) कब्रस्तानात तिघं गोल मैदानात उभे राहतात आणि नुसतं एकमेकांकडे बघत राहतात, डोळे, हात, पिस्तूल, परत डोळे, आणि कट वाढत जातात तसतसं संगीतकार एनिओ मोरिकोनेचं म्युझिक वाढत जातं. कथा म्हणून बघाल तर सगळं आधीच कळलेलं असतं. तरी श्वास अडकतो.

ते कब्रस्तान खरं नव्हतंच. लिओनेच्या या वेस्टर्नचं बहुतेक शूटिंग अमेरिकेत नाही, स्पेनमध्ये झालंय, अल्मेरियाजवळच्या वाळवंटी भागात वगैरे, आणि हे कब्रस्तान स्पेनच्या उत्तरेकडे बुर्गोस भागात स्पॅनिश सैनिकांनी बांधून दिलं, पाच हजारांच्या आसपास थडगी आणि आत एकही मेलेला माणूस नाही. त्याच पिक्चरमधला पूल उडवायचा सीन तर भारीच किस्सा आहे, खुणेचा काहीतरी घोळ झाला आणि कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच पूल उडवला गेला. परत बांधला, परत उडवला.

या सगळ्याची सुरुवात मात्र कमी पैशातून झाली. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (1964) केला तेव्हा क्लिंट ईस्टवूड म्हणजे टीव्ही सिरियलमधला नट, त्याला मिळाले 15,000 डॉलर. पिक्चर अमेरिकन वाटावा म्हणून लिओनेने स्वतःचं नाव बॉब रॉबर्टसन लावलं आणि मोरिकोनेने डॅन साविओ. गोष्ट जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून (1961) न विचारता उचललेली, त्याबद्दल जपान्यांनी कोर्टात खेचलं आणि शेवटी जगभरच्या कमाईतला 15 टक्के वाटा द्यावा लागला. (आपल्याकडे अशी वसुली सुरू झाली असती तर अर्धी इंडस्ट्री रस्त्यावर आली असती.) फिल्म वाचवायला टेक्निस्कोप वापरलं, म्हणजे एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच भोकांएवढी फिल्म लागते, निम्म्या रिळात काम होतं आणि चित्र तरी लांबरुंद मिळतं. त्यात साध्या लेन्स चालायच्या, त्यामुळे कॅमेरा चेहऱ्याच्या पार जवळ नेता यायचा आणि मागचं मैदानही बऱ्यापैकी शार्प राहायचं. ते सुप्रसिद्ध घामट क्लोजअप, ज्यात नुसते डोळे पडदाभर असतात, त्यामागे हा काटकसरीचा भाग पण आहे हे कळल्यावर मला ते जास्तच आवडायला लागले.

आवाज नंतर डब करायची इटलीत पद्धतच होती, सेटवर प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा. म्हणून ओठ जुळत नाहीत. आपण डब केलेले साउथचे पिक्चर बघत वाढलोय, आपल्याला काय त्याचं.

पण 'वन्स अपॉन'मध्ये खरी कमाल म्हणजे म्युझिक आधी, शूटिंग नंतर. मोरिकोने आणि लिओने रोममध्ये शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे विश्वास असेल तेवढा. मोरिकोनेने मुख्य धून आधीच करून ठेवल्या आणि लिओने त्या सेटवर वाजवायचा, नटांनी त्या लयीत चालायचं. हिरॉइन क्लाउडिया कार्दिनाले गाडीतून उतरते, तिला घ्यायला कुणी आलेलं नसतं, ती स्टेशनच्या ऑफिसात शिरते, कॅमेरा बाहेरच राहतो आणि खिडकीतून बघतो, मग भिंतीवरून वर चढतो, छपराच्या वर येतो, आणि पलीकडे धुळीत उभं राहत असलेलं अख्खं गाव दिसतं, बरोब्बर तेव्हा गायिका एडा डेल्लोर्सोचा आवाज वर जातो. शब्द नाहीत, नुसता आवाज. इथे माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

आणि हेन्री फोंडा. आयुष्यभर सज्जन माणसाचे रोल केलेला. तो म्हणे व्हिलन दिसावं म्हणून तपकिरी लेन्स आणि मिशा लावून आला, लिओनेने दोन्ही काढायला लावलं, त्याला ते निळे डोळेच हवे होते. मग बघा, एक अख्खं कुटुंब मारलं जातं, एक लहान पोरगा उरतो, मारणारे झुडपातून बाहेर येतात, कॅमेरा हळूहळू फिरून चेहऱ्यावर येतो आणि तो फोंडा! पोरावर रोखलेल्या पिस्तुलातून गोळी सुटते आणि तो आवाज थेट गाडीच्या शिट्टीत मिसळतो. काहीतरी आठवलं ना? ठाकूरचं घर, कुरकुरणारा झोपाळा, गब्बर आणि ते पोर. 'शोले'ने (1975) हे तिथूनच घेतलंय, हार्मोनिका तर जयच्या हातात आहेच. शोलेमधली ट्रेनची मारामारी आपल्या मुंबई-पुणे लाइनवर पनवेलजवळ शूट झाली, त्यामुळे प्रगती एक्स्प्रेसने जाताना पनवेलला मला उगाच घोडे शोधावेसे वाटतात.

आता खोट पण सांगतो. मधला भाग रेंगाळतो. कार्दिनालेच्या वाट्याला जे सीन आलेत त्यातले एक-दोन आज बघताना अंगावर येतात आणि चांगल्या अर्थाने नाही. जमिनीच्या व्यवहाराची भानगड मला तिसऱ्यांदा बघितल्यावर कुठे धड कळली. अमेरिकेत वितरकांनी वीसेक मिनिटं कापूनच लावला होता, आणि तरीही तिथे तो आपटला. बघायचा तर पूर्ण, पावणेतीन तासांचाच बघा. आणि मोबाइलवर नको, प्लीज, माशी दिसणार नाही.

ज्यांनी यातलं काहीच बघितलेलं नाही त्यांनी मात्र यापासून सुरुवात करू नये, झोप लागेल आणि शिव्या मला पडतील. आधी 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (1965) बघा, त्यात खिशातलं घड्याळ आहे, उघडलं की धून वाजते आणि धून संपली की पिस्तूल काढायचं, वाट बघायचा हा खेळ तिथे एकदम सोपा करून दाखवलाय. मग कब्रस्तान, मग हा. आणि लिओनेतून बाहेर पडायचं असेल तर सर्जिओ कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (1968), वाळवंटाऐवजी सगळीकडे बर्फ आणि हिरो मुका. त्याचा शेवट कुणाकडून ऐकू नका. मामाला मी सांगणार होतो, पण त्याने आधीच बजावलंय, "गप्प बस, मी बघतो माझं."