तुम्ही विचारलंत म्हणून : नेमकं हवं तेच कसं नसतं?

“वहिनी, दुकान भरलंय नुसतं. पण आमाला पाहिजे तेवढंच कसं नसतंय ओ?”

आठवड्यातून तीन-चारदा तरी हे ऐकते. कॉलेजची पोरं विचारतात, शिक्षक विचारतात, पोराला किट घ्यायला आलेले वडील विचारतात. जूनमध्ये एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं. त्यांना जलरंगातला व्हिरिडियन, म्हणजे निळसर हिरवा, हवा होता, रंकाळा तलावाच्या पाण्याला. माझ्याकडं हिरवे चार होते, व्हिरिडियन नव्हता. “मागवते काका,” म्हटलं आणि वेळ मारून नेली. गिऱ्हाईक समोर उभं असताना यापेक्षा जास्त सांगता येत नाही, म्हणून आता सांगते.

दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत आहे, दहा बाय चौदाचा गाळा. सासरे शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढलं. आता मी बघते. रंग, ब्रश, कागद, कॅनव्हास, माती, थोडी मॉडेलची किट आणि जिगसॉ. पाटीवर ‘आर्ट अँड हॉबी’ असं लिहिलंय, पण गल्लीत सगळे ‘रंगाचं दुकान’ म्हणतात, त्यामुळं दिवाळीच्या आधी चार जण तरी भिंतीला लावायचा डिस्टेंपर मागायला येतात.

तर ट्यूबचा हिशेब. समजा एका ट्यूबवर छापील किंमत २०० आहे आणि मला ती १५० ला पडते. पण डिस्ट्रिब्युटर एक ट्यूब देत नाही, सहांचा बॉक्स देतो. म्हणजे ९०० रुपये गेले. गिऱ्हाइकाला दहा टक्के सोडायचेच, ते आता कुणी मागतसुद्धा नाही, गृहीतच धरतात. १८० ने पाच ट्यूब खपल्या की माझे ९०० परत आले. नफा सगळा सहाव्या ट्यूबमध्ये. आणि सहावी ट्यूब ड्रॉवरमध्ये राहून वाळते.

पांढरा, काळा, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना या रंगांची मला काळजी नाही, ते महिन्यात संपतात. पण एका कंपनीच्या जलरंगात चाळीस-पन्नास छटा असतात आणि उरलेल्यांपैकी प्रत्येक छटा वर्षातून एखाद्यालाच लागते. त्या एकासाठी सहा घ्यायच्या. शिवाय कंपनी एक नाही. कोबाल्टसारखे रंग मुळातच महाग, कारण आतला धातू महाग. त्यामुळं स्वस्त ट्यूबवर ‘कोबाल्ट ब्लू ह्यू’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिसायला तसा, आत दुसरंच काहीतरी. ज्याला खरा हवा त्याला ह्यू चालत नाही, ज्याला ह्यू चालतो तो खऱ्याची किंमत ऐकून माझ्याकडं असं बघतो, जणू फरक मीच खिशात घालते.

माल पडून राहिला की नुसता पैसा अडकतो असं नाही, माल मरतो. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या गाळ्यात मास्किंग फ्लुइडचं (चित्रात कोरी ठेवायची जागा झाकायला लावतात ते) रबर होतं. पोस्टर कलरची बाटली हलवली की आत खडा वाजतो. पाकिटाला सुईएवढं भोक पडलं तरी हवेवर वाळणारी माती दगड होते. हे परत कुणी घेत नाही. कंपनीचा माणूस येतो, चहा घेतो, “वरती कळवतो वहिनी” म्हणतो.

दुकान चालतं ते एलिमेंटरी-इंटरमीजिएटवर. शासनाच्या रेखाकला परीक्षा एरवी सप्टेंबरच्या आसपास असतात, त्याआधीचे दोन महिने दुकानात उभं राहायला जागा नसते. कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, कंपास, ड्रॉइंग बोर्ड. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून ज्याला सरळ रेघ ओढायचा कंटाळा तोही येतो. सासरे म्हणायचे, शंभर पोरं गुणांसाठी येतात, त्यातलं एखादं रंगासाठी परत येतं. त्या शंभरांच्या पैशावर मी या एकासाठी सहा ट्यूब मागवते. २०२० साली शाळाच बंद होत्या, परीक्षा झाली नाही, आणि तेव्हा कळलं की या एकाच खुंटीवर सगळं टांगलेलं आहे. त्या वर्षी मी मास्क शिवून विकले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

ऑनलाइनचं विचाराल, तर त्याचा राग येत नाही असं म्हणणार नाही. माझ्या काउंटरवर पाण्याचं एक वाडगं असतं. ब्रश घ्यायचा तर तो भिजवून एकदा झटकायचा. चांगला असेल तर केस आपोआप टोकाला जुळतात, नसेल तर झाडूसारखे फिसकटतात. एक गृहस्थ आले, त्यांनी आठ नंबरचे तीन ब्रश भिजवले, झटकले, एक पसंत केला. मग खिशातून फोन काढून दांड्यावरच्या नंबराचा फोटो घेतला आणि “सांगतो” म्हणून गेले. दहा-बारा दिवसांनी तोच ब्रश घेऊन हजर. दुसरीकडून आलेला. “याचे केस पसरतायत, तुमच्याकडचा बदलून देता का?” मी काही बोलले नाही. वाडगं पुढं सरकवलं, त्यांचा ब्रश भिजवला, साबणाच्या वडीवर फिरवून टोक ओढलं आणि म्हटलं, रात्रभर असाच आडवा ठेवा, येईल ताळ्यावर. आला की नाही माहीत नाही. त्यांनी मग माझ्याकडून दोन पेन्सिली घेतल्या, बहुतेक संकोचानं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा आम्ही खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून माल वर चढवला होता. पाणी तिसऱ्या फळीपर्यंत आलं. तिसऱ्या फळीवर जलरंगाचे कागद होते, २२ बाय ३० इंची, ३०० जीएसएमचे म्हणजे चांगले जाड, दुकानातला सगळ्यात महाग माल. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर त्या गठ्ठ्याची फुगून एकसंध लादी झालेली. वरून चिखलाचा थर. चित्रकार आबालाल रहमान यांनी शाहू महाराज गेल्यावर आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. ती लादी घमेल्यातून बाहेर नेताना मला तेच आठवलं. त्यांनी निदान काढलेली चित्रं बुडवली, माझे कोरेच कागद गेले.

ऑइलच्या ट्यूबा मात्र वाचल्या. टोपणं घट्ट होती. फक्त वरची कागदी लेबलं सुटून गेलेली, आणि बिनलेबलाच्या सव्वाशे ट्यूबा, सगळ्या सारख्याच रुपेरी. कुठला रंग कुठला, कसं ओळखायचं? मी आणि माझी मुलगी दोन दिवस बसलो. एकेक टोपण उघडायचं, काडीनं एक ठिपका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लावायचा, पुठ्ठ्याचा तुकडा कापून दोऱ्यानं ट्यूबच्या मानेला बांधायचा. निळे तीन प्रकारचे निघाले, त्यात कुठला कुठला यावर आमचं भांडण झालं. निम्म्या किमतीत त्या विकायला ठेवल्या. पुराच्या महिन्यात दुकानात कोण येणार असं वाटलं होतं, पण ड्रॉइंगच्या कॉलेजची पोरं आली आणि सगळ्या घेऊन गेली. एक मुलगी रोज यायची. “वहिनी, मी परत आलो, तो गळ्यात तपकिरी बांधलेला आहे काय अजून?” (कोल्हापूरच्या पोरी ‘आलो-गेलो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) त्याच्यानंतर २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. तेव्हा कागद माळ्यावर होते.

किटच्या शेल्फबद्दल थोडक्यात. सुटे भाग जोडून करायची विमानं, गाड्या, रणगाडे, १:७२ आणि १:२४ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या किंवा चोविसाव्या हिश्श्याएवढे. ही किट सीमाशुल्काच्या हिशेबात खेळण्यांमध्येच मोडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. देशी खेळणी वाढावीत म्हणून हे केलं, आणि साध्या खेळण्यांच्या बाबतीत ते कळतंही. पण १:७२ चं विमान चाळिशीतला माणूस चिमट्यानं जोडतो, ते खेळणं कसं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. माझं शेल्फ आता अर्धं रिकामं आहे आणि उरलेल्या डब्यांवर जुन्या किमती आहेत. एक पोरगा मात्र नेमानं येतो. त्याच्या मॉडेलची एक कप्पी हरवली होती, बोराच्या बीएवढी. मी कुठून देणार? त्यानं ती उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून पितळेत करून आणली. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत म्हणे, नुसतं विचारलं, हे कशाला लागतंय. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. गावाची ही खोड जुनीच आहे.

आता माझं सांगते. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी विणते. गेल्या हिवाळ्यात भाचीसाठी मोरपंखी रंगाचा स्वेटर विणायला घेतला. पुढचा आणि मागचा भाग झाला, एक बाही झाली, आणि लोकर संपली. अंदाज चुकला, चूक माझी. जिथून घेतली होती त्या छोट्या दुकानात गेले. मोरपंखी होता, नंबर तोच होता, पण लॉट वेगळा. लोकर रंगवताना एका वेळी जेवढी रंगवतात त्याचा तो लॉट, दुसऱ्या खेपेला रंग केसभर तरी हलतो. गुंड्यावर कळत नाही, पण बाही लावली की लांबूनसुद्धा दिसतं. मावशींनी खोकी उपसली, खालचं वर केलं, वरचं खाली केलं. जुन्या लॉटचा एक गुंडा नाही. आणि मी, जी दिवसभर हेच ऐकते, मी तिथं उभी राहून म्हटलं, “मावशी, एवढी लोकर आहे, आणि मला पाहिजे तीच कशी नाही हो?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तू तर दुकानवाली नं ग?”

भाचीच्या स्वेटरची एक बाही किंचित निळसर आहे. तिला सांगितलंय, फॅशन आहे.

व्हिरिडियनचं राहिलं. पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरकडं तो नव्हता, मग दुसऱ्याकडं सांगितलं, त्याचं पार्सल एकदा चुकून सांगलीला गेलं. शेवटी गेल्या आठवड्यात सहांचा बॉक्स आला. काकांना फोन केला. रविवारी सकाळी ते रंकाळ्यावरून थेट आले, बोटं रंगलेली, बगलेत बोर्ड. बोर्डावर त्या दिवशीचं चित्र होतं, अजून ओलसर. त्यातलं पाणी हिरवं होतं, छान खोल हिरवं, कडेला शेवाळ्याचा पिवळेपणा.

“प्रशियन ब्लूमध्ये पिवळा घालून बघितला वहिनी,” ते म्हणाले. “दोन महिने वाट बघत बसण्यापेक्षा शिकलो. आता काय लागंना झालाय तो.”

मग त्यांनी पांढऱ्याची एक ट्यूब घेतली आणि दहा टक्के सोडायला लावले.

व्हिरिडियन सहाच्या सहा ड्रॉवरमध्ये आहेत. रविवारी दुकान अकरापर्यंत उघडं असतं.