पिटोलच्या भूरीबाई आणि आमचा हौद

भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात एका भिंतीसमोर माझी आई अर्धा तास उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, आदल्या दिवशीच्या पायऱ्यांनी ती पुरती थकली होती आणि मी दोनदा तिला बसून घ्यायला सांगितले होते. तरीही ती जागची हलली नाही. त्या भिंतीवर भिल्ल चित्रकार भूरीबाईंनी स्वतःचे आयुष्य रंगवले आहे. आम्ही भोपाळला दोन दिवस होतो, पण मला लिहायचे आहे ते त्या अर्ध्या तासाविषयी.

आम्ही इंदूरची मराठी माणसे भोपाळला जातो ती बहुधा सरकारी कामासाठी, नाहीतर लग्नकार्याला. केवळ चित्रे पाहण्यासाठी आम्ही दोघी प्रथमच गेलो. चित्रकलेचा अभिमान मात्र आमच्या घरात जुना आहे. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे आणि हुसेन यांनीही इंदूरलाच देवळालीकर मास्तरांकडे धडे घेतले, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

पहिला दिवस भारत भवनात गेला. चार्ल्स कोरिया यांनी ही वास्तू टेकडीच्या उतारात अशी बसवली आहे की रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या उतरत गेले की एकामागून एक अंगणे उघडतात आणि शेवटी समोर मोठा तलाव येतो. १९८२ साली हे केंद्र सुरू झाले, तेव्हा तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. त्यांनी शहरी चित्रकारांच्या कामाबरोबरच गोंड आणि भिल्ल कलावंतांचे काम त्याच मानाने मांडले. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रे पाहताना हा आग्रह किती योग्य होता ते पटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मानव संग्रहालय पाहिले. श्यामला टेकडीवरचा तो सुमारे २०० एकरांचा परिसर आईला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून आदिवासी घरांपैकी थोडीच पाहून आम्ही निघालो.

आणि मग ती भिंत. भूरीबाई झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या. इंदूरहून बडोद्याला आत्याकडे जाताना गुजरातच्या हद्दीवर पिटोलचा नाका लागतो. तिथे आमची गाडी असंख्य वेळा थांबली आहे, पण रस्ता सोडून आत गावात आम्ही कधी गेलो नाही. भूरीबाई भोपाळला आल्या त्या मजुरीसाठी, आणि ज्या भारत भवनाच्या पायऱ्या आम्ही आदल्या दिवशी उतरलो, त्याच्याच बांधकामावर त्या रोजंदारीने राबत होत्या. भूरीबाईंना घरच्या भिंती रंगवता येतात, हे स्वामिनाथन यांना कळले आणि त्यांनी भूरीबाईंच्या हाती कागद आणि रंग दिले. गावाकडे गेरू, खडू, तव्याची काजळी आणि पाल्याचा हिरवा रस यांवर काम भागत असे. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जवळ जाऊन पाहिले की त्या चित्रांतला प्रत्येक आकार ठिपक्यांनी भरलेला दिसतो. मोराच्या अंगावर ठिपके, झाडावर ठिपके, माणसांच्या कपड्यांवर ठिपके, आणि ते नुसते शोभेसाठी भरलेले नाहीत, तर मक्याच्या दाण्यांसारखे ओळीने, एकमेकांना खेटून बसलेले. मी ते निरखत असतानाच एक घोळका आला आणि त्यातल्या दोघांनी फोटोसाठी सरळ रंगावर पाठ टेकली. मला संताप आला. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितले, ते झालेही. पण त्यानंतर जे आठवले त्याने माझा आवाज उतरला.

१९८६ साली इंदूरला आमचे घर बांधले जात होते, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. झाबुआकडची एक बाई तिथे काम करीत असे. प्लॉटच्या मागच्या बाजूला विटा रचून, वर पत्रे टाकून ते कुटुंब राहत होते. तिच्या डोळ्यांच्या कडेला गोंदणाचे ठिपके होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूची तगारी, आणि मूल सावलीत बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. तिने आमच्या हौदाच्या भिंतीवर गेरूने आणि चुन्याने चित्र काढले होते. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाबांनी हौद स्वच्छ करायला सांगितले आणि मी काथ्याने घासून, बादलीभर पाणी ओतून, ते चित्र मोठ्या उत्साहाने धुऊन काढले. ती तेव्हा कंपाउंडसाठी वाळू चाळत होती. तिने पाहिले आणि पुन्हा चाळणी हलवू लागली.

“आपल्या हौदावरही असंच होतं गं,” भिंतीवरून नजर न काढता आई म्हणाली.

“मीच पुसलं होतं ते.”

“हो. मी तुला थांबवायला हवं होतं.”

“आई, तिचं नाव काय होतं?”

आईने बराच वेळ आठवून पाहिले. “आपण तिला झाबुआवाली म्हणायचो. मिस्त्री रोज मांडायचा, त्याच्या वहीत असेल नाव.”

त्यानंतर ती बाकावर बसली. परतीच्या प्रवासात ती फारसे बोलली नाही. आष्टा मागे पडले, अंधार झाला, आणि मला ती झोपली असे वाटत असतानाच ती म्हणाली, “दोन मोर होते. एकाच्या चोचीत मक्याचं कणीस होतं.”